येतो म्हणाले

दीप्ती घाडीला शनिवारी सकाळी अकरा चाळीसला बारा मिनिटं बोलायचं होतं, आणि सोमवारपासूनच तिच्या पायाला भिंगरी लागली होती. ऑफिसात खुर्चीत बूड टेकत नव्हतं. घरी आली की स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या. घर चारशे फुटांचं, त्यामुळे एक येरझार आठ पावलांत संपायची आणि लगेच दुसरी सुरू व्हायची. तिची आई, रत्नप्रभाबाई, भाजी निवडता निवडता हे बघत होती. "बारा मिनिटांसाठी सहा दिवस चालतेस," ती म्हणाली, "एवढ्यात तू पवईला चालत पोचली असतीस."

पवईच्या एका हॉटेलात बिझनेस डेटा अ‍ॅनालिटिक्सची परिषद होती. अशी परिषद म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाच्या मनातलं गिऱ्हाइकाला न विचारता ओळखणारी माणसं गळ्यात पट्टे अडकवून एका गारठलेल्या हॉलमध्ये जमतात आणि एकमेकांना आलेख दाखवतात. दीप्तीच्या कंपनीला तिथलं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव एका बँकेचे साहेब आणि इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक यांच्या मधे छापलं होतं. भाषणाचा विषय होता, बदलत्या शहरात परत कोण येतं. मूळ इंग्रजी नाव याच्या तिप्पट लांब होतं आणि ते एका दमात म्हणायचा सराव ती आंघोळ करताना करायची.

तिची कंपनी मरोळला. घरोघरी पाणी शुद्ध करायचे फिल्टर बसवायचे आणि दर तीन महिन्यांनी माणूस पाठवून ते साफ करून द्यायचे, एवढाच धंदा. पण मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या आणि या साध्या धंद्याची पंचाईत झाली. इमारत रिकामी व्हायची, फिल्टर काढून आणावे लागायचे, लोक कुठे कुठे पांगायचे. तीन-चार वर्षांनी तिथे टॉवर उभा राहिला की त्यातले परत किती येणार? तेवढी माणसं आणि सामान तयार ठेवायचं की नाही? याचं उत्तर दीप्तीने काढलं होतं. शंभरात चौसष्ट.

ते तिने कसं काढलं हे सांगायला हवं, कारण पुढची सगळी वाट त्यानेच लावली. फिल्टर काढायला जाणारा माणूस मोबाईलवर एक फॉर्म भरतो. त्यात शेवटी एक रकाना असतो, 'ग्राहक काय म्हणाले'. तो रकाना दीप्तीनेच घालायला लावला होता, आणि बजावलं होतं की ग्राहक बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. चार वर्षांत साडेतीन हजार घरांचे शेरे जमले. मग एका दुपारी, ऑफिसच्या सातव्या मजल्यावर, कानात हेडफोन घालून तिने शब्दांची यादी केली. विकलं, सोडलं, नको असे शब्द दिसले की ग्राहक गेला. येतो, येते, येऊ, येणार असे दिसले की परत येणार. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांसाठी तिने 'आवजो', म्हणजे 'या', हेसुद्धा आठवणीने घातलं. यादी संगणकाला दिली आणि त्याने दोन मिनिटांत साडेतीन हजार कुटुंबांचं भविष्य सांगून टाकलं. आकडा बघून तिचा साहेब मुकुल खुर्चीतून उठला होता. "झकास," तो म्हणाला होता, "हाच घेऊन जाऊ पवईला."

आकडा पवईला जायच्या आधी घाटकोपरला गेला, ही खरी भानगड.

घाटकोपरच्या पंतनगरातली, मायलेकी राहत होत्या ती तीन मजली इमारतही पुनर्विकासाच्या दारात उभी होती. रत्नप्रभाबाईने सही केली नव्हती. घर मोठं मिळेल, लिफ्ट मिळेल, हे तिला सगळं मान्य होतं. तिचा प्रश्न वेगळाच होता. नवरा गेल्यावर या इमारतीतल्या माणसांच्या आधाराने तिने दिवस काढले होते. दीप्तीची दहावी चालू असताना खालच्या शकुमावशीने महिनाभर डबा वर पाठवला होता. "घर परत मिळेल गं," ती म्हणायची, "पण माणसं परत येतात का? नाहीतर एवढ्या उंच जाऊन मी बोलू कोणाशी, कबुतरांशी?" तिच्यामुळे आणखी सात घरं अडून बसली होती. तिचा शब्द इमारतीत चालायचा.

तीन आठवड्यांपूर्वी, जेवताना, दीप्तीने अगदी सहज सांगितलं, "आई, मी हिशोब केलाय. शंभरातले चौसष्ट परत येतात."

रत्नप्रभाबाईने घास हातातच ठेवला. "तुझ्या कॉम्प्युटरवर?"

"साडेतीन हजार घरांचा आहे."

दुसऱ्या दिवशी बाईने सही केली. आणि मग ती सात दारं फिरली. "दीप्तीने काढलंय, शंभरात चौसष्ट येतात," असं ती इतक्या अभिमानाने सांगायची की चौसष्ट ही तिच्या मुलीची टक्केवारी वाटावी. सातही घरांनी संमतीपत्रं लिहून दिली. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तिने ती फ्रिजवर ठेवली होती. रविवारी सोसायटीची सभा होती, त्यात ती द्यायची होती. शनिवारी परिषद, रविवारी सभा, आणि दोन्हीकडे आकडा एकच.

मंगळवारी मुकुलने नवीन टूम काढली. "नुसते आकडे दाखवलेस की लोक मोबाईल काढतात. शेवटी एक चेहरा पाहिजे. परत आलेली एक फॅमिली शोध. नव्या घरात, त्याच जुन्या फिल्टरशेजारी उभी. फोटो काढ, विषय संपला."

काम सोपं होतं. यादीतल्या इमारतींपैकी एकच टॉवर पुरा झाला होता, मुलुंडचा. गेल्या दिवाळीत चाव्या दिल्या होत्या. तिथली अठ्ठेचाळीस जुनी घरं यादीत होती आणि त्यातल्या एकतीस घरांपुढे संगणकाने 'परत येणार' असं लिहिलं होतं. बुधवारी सकाळी दीप्ती फोन घेऊन बसली.

पहिल्या बाई बदलापूरहून बोलल्या. मुलाची शाळा इथेच आहे, मुलुंडचं घर भाड्याने दिलंय. दुसरे गृहस्थ नाशिकला होते, ते घर विकून मोकळे झाले होते. तिसऱ्यांनी आधी विचारलं की तुम्ही लोनवाल्या का. चौथ्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिथे आता ओळखीचं कोण आहे, की आम्ही यावं?" दीप्ती उभी राहिली. मग फोन कानाला लावून कॉरिडॉरमध्ये चालत राहिली. संध्याकाळपर्यंत सव्वीस जणांशी बोलणं झालं. परत आलेली घरं निघाली चार.

घरी जाताना मेट्रो असल्फ्यावरून निघाली तेव्हा तिने खिडकीबाहेर बघायचं टाळलं. त्या बाजूला हिरव्या जाळ्या लावलेल्या अर्धवट इमारती एकामागून एक येतात. एरवी ती त्या मोजायची.

गुरुवारी सकाळी तिने भाऊरावांना गाठलं. भाऊराव कंपनीचे सगळ्यात जुने मेकॅनिक. परभणीकडचे, मुंबईत बावीस वर्षं काढलेले, मुलुंडच्या त्या इमारतीतले सगळे फिल्टर त्यांनीच काढून आणले होते. ते मरोळला स्टोअरमधून सामान न्यायला आले होते. दीप्तीने त्यांना सातव्या मजल्यावर नेलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे शेरे तुमचेच ना? 'येतो म्हणाले.' इथेही 'येतो म्हणाले.' हे बघा, 'येतो भाऊ म्हणाले.'"

"माझेच."

"भाऊराव, यातलं कोणी आलेलंच नाही."

"कसे येतील?" भाऊराव म्हणाले. "ते तर गेले."

"मग येतो असं का लिहिलंत?"

भाऊरावांनी चष्मा वर सरकवला. ही पोरगी आपली परीक्षा घेतेय की काय असं त्यांना वाटलं असावं. "मॅडम, तुम्हीच म्हणला होता ना, माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं? सामान टेम्पोत चढलंय, दाराला कुलूप लागलंय, मी मशीन घेऊन जिन्यात उभाय. निघताना माणूस काय बोलणार? जातो म्हणतंय का कोणी?"

दीप्ती स्क्रीनवरचे शेरे पुन्हा वाचू लागली. जातो म्हणत नाहीत. कोणीच म्हणत नाही. तिला बोलायला यायला लागलं तेव्हापासून ती हे ऐकत आली होती. शाळेला निघताना चुकून 'आई, जाते' म्हटलं की रत्नप्रभाबाई हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि 'येते' म्हणायला लावूनच सोडायची. आणि तीच दीप्ती सातव्या मजल्यावर बसून हजारो निरोप मोजून आली होती, आणि त्याला तिने परत येणं म्हटलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"आणि ते आवजो?" तिने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"तेही तसंच. बाय बाय म्हणल्यासारखं."

"मग खरंच येणारा माणूस ओळखायचा कसा?"

यावर भाऊरावांना विचार करावा लागला नाही. "खरंच यायचंय तो नुसतं येतो म्हणून सुटत नाही, मॅडम. तो कधी ते सांगतो. पोरीच्या बारावीच्या आत येऊ, म्हाताऱ्याला नवीन घर दाखवायचंय, असं कायतरी असतं त्याच्याकडं. हीच मशीन नव्या घरात बसेल का, हे विचारतो. तेबी लिहिलंय मी पुढं. तुम्ही वाचलं नाय का?"

तिने वाचलं नव्हतं. संगणकाने 'येतो' पाहिलं आणि तो तिथेच थांबला होता. भाऊराव गेल्यावर तिने यादी बदलली. नुसतं 'येतो' काढून टाकलं. ज्या शेऱ्यात कधी येणार हे कुठल्याही शब्दांत होतं, तेवढेच ठेवले. उत्तर आलं, शंभरात एकोणीस. मुलुंडच्या इमारतीत तिने ताडून पाहिलं. परत आलेली चारही घरं त्या एकोणीस टक्क्यांत होती.

मुकुलने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त परिषद परवावर आली होती. आधी तो हसला. "मराठी तर मलाही येतं यार. मीपण नाही पकडलं." मग तो हसायचा थांबला. पहिल्या रांगेत बिल्डरांची माणसं बसणार होती आणि या आकड्याच्या जोरावर त्यांच्याकडून मोठं काम मिळवायचा कंपनीचा विचार होता. तो खिडकीशी गेला, परत आला. "ऐक. चौसष्ट राहू दे. फक्त शब्द बदल. 'चौसष्ट टक्के लोक परत येऊ असं म्हणतात.' यात खोटं काय आहे? म्हणाले ना ते?"

"म्हणाले," दीप्ती म्हणाली.

"मग झालं. उद्या संध्याकाळी आठपर्यंत फाईल पाठव."

गंमत अशी की त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच तिला जास्त बेचैन व्हायला झालं. शुक्रवारी ती ऑफिसातून लवकर निघून पाचलाच घाटकोपरला उतरली. चौसष्टवाली फाईल तिच्याकडे होती, एकोणीसवालीही होती, आणि स्टेशनपासून घरापर्यंत तिने मनातल्या मनात दोन्ही तीन-तीनदा पाठवल्या. पवईच्या लोकांचं एक वेळ सोडा. ते आकडा ऐकतील, टाळ्या वाजवतील आणि जेवायला जातील. फ्रिजवरच्या फोल्डरचं काय करायचं?

रत्नप्रभाबाई तिच्यासाठी साडीला इस्त्री करत होती. दीप्तीने चप्पलसुद्धा न काढता सांगून टाकलं. सगळं सांगितलं, भाऊराव, आवजो, एकोणीस. आईने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. राग आला की तिच्या तोंडी थेट मालवणी यायची.

"माका एक सांग. जातंय म्हणू नये, येतंय म्हणावा, ह्या तुका कोणी शिकवलेला?"

"तू."

"आणि त्याचोच आकडो काढलंस?"

दीप्ती मान खाली घालून उभी राहिली. आईने साडी बाजूला सारली. मग बोलली ती हळू, आणि साध्या मराठीत. "तुझे बाबा हॉस्पिटलला निघाले तेव्हा काय म्हणाले होते, आठवतंय?"

आठवत होतं. दारात, भिंतीचा आधार घेऊन चप्पल घालताना बाबा म्हणाले होते, "येतो." दीप्ती तेव्हा पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हणाली होती. ते ती कधी विसरली नव्हती, आणि तरी यादीत 'येतो' लिहिताना तिला ते आठवलं नव्हतं.

रत्नप्रभाबाईने फ्रिजवरचा फोल्डर घेतला. "चल. सात दारं आहेत. मी सांगत आले ना, आता तूच सांग."

पवईतल्या हॉलमध्ये चारशे माणसं असणार होती. त्यांच्यापुढे बोलायची दीप्ती चार महिने तयारी करत होती. या सात दारांची तयारी कोणी करून घेतली नव्हती. पहिलं दार तळमजल्यावर शकुमावशीचं. मावशी दारातच चवळी निवडत बसली होती.

"मावशी, तो चौसष्टचा आकडा चुकला," दीप्ती म्हणाली. "माझीच चूक झाली. शंभरात एकोणीसच येतात. आईने माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं. तुम्हाला पत्र परत हवं असेल तर घ्या."

शकुमावशीने चवळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "आकड्यावर कोण गं सही करतं? आकडा मला काय कळतो. तुझी आई येणार म्हणाली, म्हणून मी केली."

दीप्तीने आईकडे बघितलं. आई जिन्याच्या कठड्याकडे बघत होती.

"तू येणार ना पण, रत्ना?" मावशीने विचारलं.

"येणार की."

"कधी?"

शकुमावशीला भाऊराव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, तरी तिने नेमका तोच प्रश्न विचारला. रत्नप्रभाबाईने तिथेच पायरीवर बसून आपलं पत्र काढलं आणि सहीखाली लिहिलं, 'चावी मिळाल्यापासून आठ दिवसांत राहायला येणार.' शकुमावशीने पेन मागून घेतलं आणि आपल्या पत्रावर लिहिलं, 'रत्ना येईल त्याच दिवशी.' मग म्हणाली, "सगळ्यांकडून लिहून घे. काय ते कळू दे."

उरलेल्या सहा दारांवर दीप्तीने तेच वाक्य सहा वेळा म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणताना जीभ दर वेळी तितकीच जड झाली. कोणी भांडलं नाही. एका घराने पत्र मागून घेतलं. चार जणांनी, येणारच की, कुठे जाणार, असं म्हटलं, पण पेन पुढे केल्यावर म्हणाले, सावकाश लिहू, घाई काय आहे. त्यातली प्रीतमची आई, जिच्याबरोबर रत्नप्रभाबाईने वीस वर्षं पापड वाळवले होते, पेन हातात धरून बराच वेळ नुसती बसली. शेवटी ते परत देत म्हणाली, "प्रीतमने डोंबिवलीला जागा बघितलीय गं. तुला सांगणार होते." तिसऱ्या मजल्यावरच्या जान्हवीने मात्र उभ्या उभ्या लिहिलं, 'मुलगा पहिलीत जायच्या आत.'

आठात तीन. दीप्तीने टक्के मनातच ठेवले. रत्नप्रभाबाईने फोल्डर परत फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "तिघी तर तिघी. रविवारी देते. कबुतरांपेक्षा बऱ्या." तिचे डोळे भरले होते, पण तिने पुन्हा इस्त्री लावली आणि साडीचा पदर नीट पसरला.

आठ वाजायला पाच कमी असताना दीप्तीने एकोणीसवाली फाईल पाठवली. शेवटच्या पानावर फोटो नव्हता. तिथे तिने भाऊरावांचा एक शेरा मोठ्या अक्षरात टाकला, 'येतो म्हणाले', आणि खाली एकच ओळ, की हा निरोप आहे. मुकुलचा लगेच मेसेज आला, कॉल कर. तिने केला नाही. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

शनिवारी सकाळी नऊला ती तयार झाली. निळी साडी, पर्स, पाण्याची बाटली. पडद्यावर कुठली फाईल लागेल, मुकुल आधीच जाऊन बदलेल का, सोमवारी नोकरी असेल का, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. पायाची भिंगरी तशीच होती. खाली रिक्षा थांबली होती. चप्पल घालताना तिने भिंतीला हात टेकला आणि सवयीने म्हणाली, "आई, येते गं."

रत्नप्रभाबाई आतून हात पुसत बाहेर आली. दारात उभी राहिली आणि मुलीकडे नीट बघितलं.

"कधी?"

पंचवीस वर्षं दीप्ती या दारातून येते म्हणून निघत होती, आणि हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"साडेसातला," ती म्हणाली. "जेवायला. सोलकढी करून ठेव."

"बरं," आई म्हणाली, आणि नारळ काढायला आत वळली.